डेस्कटॉपवर वायरलेस हेडसेटचा आवाज बिघडतो: आधी माइक तपासा, मग डोंगलची जागा

मोबाइलवर सुरेख वाजणारा ब्लूटूथ हेडसेट डेस्कटॉपला जोडला की आवाज बसका, फाटका किंवा तुटक येतो. ही तक्रार दुरुस्तीच्या टेबलावर इतक्यांदा येते की तिची कारणं आता पाठ झाली आहेत. त्यांतली दोन सर्वांत जास्त भेटतात. एक, कुठल्यातरी प्रोग्रॅमने हेडसेटचा माइक उघडलेला असतो आणि त्यामुळे सगळा आवाज फोन कॉलच्या दर्जावर घसरलेला असतो. दुसरं, ब्लूटूथचा डोंगल (यूएसबीच्या खाचेत लावायचा छोटा रेडिओ) कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला आणि यूएसबी ३ च्या गोंगाटात बसवलेला असतो. पहिल्यावरचा उपाय फुकट आहे, दुसऱ्यावरचा एका साध्या केबलचा. त्यामुळे नवा हेडसेट मागवण्याआधी पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे लावला आहे.

पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. लिनक्सबद्दल मोजकं जिथल्या तिथे सांगितलं आहे.

लक्षण नेमकं कोणतं?

‘आवाज खराब येतो’ एवढ्यावरून काही कळत नाही. खराब म्हणजे कसा, ते आधी ठरवा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या दिशेला बोट दाखवतं.

गाणं छान चालू असतं आणि मीटिंग किंवा गेम सुरू होताच आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. डावा-उजवा फरक उरत नाही, तबला आणि बास गायब होतात. मीटिंग बंद केली की दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ववत. हे माइकचं लक्षण आहे आणि यात हेडसेटचा काही दोष नाही.

आवाजाचा दर्जा चांगला आहे, पण मध्ये मध्ये तुटतो. डोकं वळवलं, टेबलावरून उठलात किंवा मोठी फाइल कॉपी करायला लावली की जास्तच तुटतो. ही रेडिओ लहरींची अडचण. डोंगल, अँटेना, वायफाय यांच्याकडे बघा.

ठरावीक वेळाने ‘टक’ किंवा ‘कड्’ असा आवाज येतो आणि वायरचे स्पीकर लावले तरी तो येतोच. म्हणजे भानगड संगणकाच्या आत आहे, ब्लूटूथचा संबंध नाही.

एकाच कानात आवाज हळू किंवा दबका: जाळीत मळ, बॅलन्सची सेटिंग किंवा तुटलेली तार.

आवाज स्वच्छ आहे, पण ओठांच्या हालचालीपेक्षा मागे राहतो. थोडी दिरंगाई ब्लूटूथमध्ये असतेच. ती बिघाड म्हणून दुरुस्त करता येत नाही.

आधी दोष कुणाचा ते वेगळं काढा

यासाठी पाच-दहा मिनिटं द्या, पुढचे तास वाचतील. हेडसेट मोबाइलला जोडा आणि तेच गाणं लावा. मग संगणकाला वायरचा साधा इअरफोन लावून तेच गाणं ऐका. मोबाइलवर नीट आणि वायरवरही नीट असेल, तर दोष संगणक आणि हेडसेट यांच्यामधल्या जोडणीत आहे; पुढचा बहुतेक मजकूर त्यासाठीच आहे. मोबाइलवरही खराब असेल तर हेडसेटच बिघडलाय. वायरवरही कडकड येत असेल तर थेट ‘वायरवरही कडकड येते तेव्हा’ या भागाकडे जा.

मोबाइलवरची तुलना गाण्याने करा, कॉलने करू नका. कॉलमध्ये मोबाइलवरही आवाजाचा दर्जा उतरतो, त्यावरून हेडसेट खराब ठरवणं चूक होईल.

चार्ज, फोन आणि मळ

हेडसेट पूर्ण चार्ज करा, पूर्ण बंद करा, दहा सेकंद थांबून चालू करा. बॅटरी तळाला गेली की बऱ्याच हेडसेटचा आवाज तुटू लागतो.

मग मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. हल्लीचे अनेक हेडसेट एका वेळी दोन उपकरणांना जोडलेले राहतात. खिशातल्या फोनवर मेसेजची ‘टिंग’ वाजली की हेडसेट क्षणभर फोनकडे वळतो आणि संगणकावरचं गाणं तुटतं. फोनचं ब्लूटूथ बंद केल्यावर तुटणं थांबलं तर कारण सापडलं. हेडसेटच्या मोबाइल ॲपमध्ये ‘मल्टिपॉइंट’ नावाची सोय बंद करता येते. त्याच ॲपमध्ये फर्मवेअरचं, म्हणजे हेडसेटच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं असेल तर तेही आत्ताच करून घ्या. संगणकावरून ते सहसा होत नाही.

एक कान दबका असेल तर जाळी बघा. कोरडा, मऊ टूथब्रश घ्या, इअरबड जाळी खाली करून धरा आणि हलकं झटका, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. चिकट मळासाठी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल ओलसर होईल इतपतच लावा. थेंब जाळीत सोडू नका. टाचणी तर अजिबात नको, आतला पडदा फाटला की तो कान गेला. माइकचं बारीक छिद्रही असंच ब्रशने साफ करा. समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून येतो तेव्हा बरेचदा तिथे धूळ साचलेली असते.

माइक उघडा आहे का?

सर्वांत जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून जरा सविस्तर.

साध्या ब्लूटूथमध्ये आवाजासाठी दोन वेगळ्या पद्धती आहेत. संगीतासाठी ‘ए२डीपी’. यात आवाज फक्त संगणकाकडून हेडसेटकडे जातो, स्टिरिओ, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने या दराने. नेहमीच्या एसबीसी कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज आक्रसून पाठवायची रीत) सुमारे ३२८ किलोबिट प्रति सेकंद मिळतात आणि त्यात गाणं चांगलंच वाजतं. कॉलसाठी ‘एचएफपी’, म्हणजेच हँड्स-फ्री. ही पद्धत गाडीत फोनवर बोलण्यासाठी बनली. आवाज दोन्ही बाजूंनी जातो, पण मोनो, आणि तोही ६४ किलोबिटच्या आसपास. जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये सेकंदाला फक्त ८,००० नमुने, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच ऐकू येत नाही. नव्या एमएसबीसीमध्ये १६,००० नमुने. बोलणं बरंच स्पष्ट होतं, पण संगीतासाठी तेही अपुरं.

हेडसेट एका वेळी यांपैकी एकच पद्धत वापरतो. कोणत्याही प्रोग्रॅमने हेडसेटचा माइक उघडला की विंडोज गुपचूप दुसरी पद्धत लावतं आणि तुमचं गाणं, गेम, व्हिडिओ सगळंच त्या अरुंद नळीतून येऊ लागतं. तुम्ही स्वतःला म्यूट केलं असलं तरी फरक पडत नाही. म्यूट केल्याने माइक बंद होत नाही, प्रोग्रॅमने तो धरूनच ठेवलेला असतो.

माइक कोणी धरलाय ते कसं कळणार? विंडोज ११ मध्ये घड्याळाशेजारी माइकचं छोटं चिन्ह दिसतं, त्यावर माउस नेला की प्रोग्रॅमचं नाव येतं. नाहीतर सेटिंग्ज उघडा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘मायक्रोफोन’ निवडा आणि खालची यादी बघा. आत्ता माइक वापरणाऱ्या प्रोग्रॅमखाली तशी नोंद असते. विंडोज १० मध्ये हेच ‘प्रायव्हसी’त सापडतं. नेहमीचे संशयित: झूम, टीम्स, डिस्कॉर्ड, ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली मीटची टॅब, गेममधली व्हॉइस चॅट, बोलून टाइप करायची सोय आणि स्क्रीन रेकॉर्ड करणारे प्रोग्रॅम.

उपाय तीन. पहिला पुरला तर पुढे जाऊ नका.

पहिला: ऐकायला हेडसेट ठेवा, बोलायला दुसरा माइक वापरा. वेबकॅमचा माइक, टेबलावरचा यूएसबी माइक किंवा कॅबिनेटच्या पुढच्या खाचेत लावलेला, माइक असलेला साधा वायरचा इअरफोनही चालतो. विंडोजच्या ‘साउंड’ सेटिंगमध्ये ‘इनपुट’ला तो निवडाच, शिवाय झूम, टीम्स, डिस्कॉर्ड यांच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्येही तोच निवडा. हे प्रोग्रॅम विंडोजची निवड मानतीलच असं नाही, आणि ‘मी तर माइक बदलला होता’ असं सांगणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे अडलेलं असतं. डेस्कटॉपवर रोज मीटिंग करणाऱ्याने नवा भारी हेडसेट घेण्यापेक्षा एक साधा यूएसबी माइक घ्यावा. समोरच्यालाही तुमचा आवाज कितीतरी स्वच्छ जातो.

दुसरा: हेडसेटचा माइकच बंद करून टाका. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल अशी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. आवाजाची जुनी खिडकी उघडेल. ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये हेडसेटच्या नावावर उजवं क्लिक करून ‘डिसेबल’ करा. आता कोणताही प्रोग्रॅम तो माइक उघडू शकत नाही. परत हवा झाला तर तिथेच ‘एनेबल’.

विंडोज १० मध्ये ‘प्लेबॅक’ टॅबही बघा. तिथे एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एकापुढे ‘स्टिरिओ’ आणि दुसऱ्यापुढे ‘हँड्स-फ्री एजी ऑडिओ’. डिफॉल्ट म्हणून स्टिरिओवालं नाव ठेवा. हँड्स-फ्री हे डिफॉल्ट झालं असेल तर माइक कोणीही उघडला नसताना आवाज बसका येतो. विंडोज ११ मध्ये ही दोन नावं बहुधा एकत्र करून एकच दाखवली जातात. त्यामुळे तिथे निवड दिसली नाही तर गोंधळू नका, अदलाबदल आतल्या आत होते.

तिसरा: हँड्स-फ्री सेवाच काढून टाकणं. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या गटात ‘हँड्स-फ्री’ असं लिहिलेलं हेडसेटचं नाव शोधा आणि ते ‘डिसेबल’ करा. कुठला तरी हट्टी गेम किंवा प्रोग्रॅम वरचे दोन्ही उपाय करूनही आवाज बिघडवत असेल, तेव्हाच हे करा. यानंतर त्या संगणकावर हेडसेटचा माइक चालणार नाही. घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा, नाहीतर उद्या ‘माइक मेला’ ही नवी तक्रार येईल.

लिनक्सवर हीच अदलाबदल उघड दिसते. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या प्रोग्रॅममधल्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये हेडसेटचं प्रोफाइल ‘ए२डीपी’ निवडा, काम झालं.

डोंगल कुठे लावलाय?

आवाज तुटत असेल तर इथून सुरुवात करा.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच आहे. पत्रा तर त्यांना सरळ अडवतो. डोंगल कॅबिनेटच्या मागे आणि कॅबिनेट टेबलाखाली असेल, तर हेडसेटपर्यंत पोचायला लहरींना पत्रा, टेबलाचं लाकूड आणि तुमचं अंग ओलांडावं लागतं. म्हणूनच खुर्ची फिरवली की आवाज तुटतो.

त्यात यूएसबी ३ ची भर पडते. यूएसबी ३ ची खाच आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरवतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. शेजारच्या खाचेत एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून फाइल कॉपी केली की आवाज फाटणं हे याचं अगदी ठरलेलं लक्षण. कॉपी संपली की आवाज ठीक होतो आणि माणसाला वाटतं, संगणकावर ताण आला होता. ताण नसतो, गोंगाट असतो.

उपाय: साधारण १ मीटरची यूएसबी २ एक्स्टेंशन केबल आणा. कॅबिनेटवरच्या काळ्या किंवा पांढऱ्या, म्हणजे यूएसबी २ च्या खाचेत ती लावा. यूएसबी ३ च्या खाचा बहुधा आतून निळ्या असतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला डोंगल लावून तो टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला, हेडसेटला समोरासमोर दिसेल असा ठेवा. केबल यूएसबी २ चीच घ्या. डोंगलला त्याहून जास्त वेग लागत नाही, आणि यूएसबी ३ ची केबल घेतली तर ज्यापासून पळायचं तेच गळ्यात पडेल. ही केबल शे-दोनशे रुपयांत मिळते. पाच मीटरची घेऊ नका, लांब स्वस्त केबलमध्ये डोंगलची जोडणी मध्येच तुटते. ब्लूटूथऐवजी स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल घेऊन येणाऱ्या गेमिंग हेडसेटलाही हाच उपाय शंभर टक्के लागू आहे.

डोंगल नाही, ब्लूटूथ मदरबोर्डवरच आहे? मग कॅबिनेटच्या मागे दोन पितळी, आटे असलेले खुंट दिसतात का ते बघा. त्यांवर अँटेना लावलेली असली पाहिजे. ही अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात वेगळी येते आणि संगणक जुळवताना बरेचदा खोक्यातच राहते. तिच्याशिवायही हेडसेट जोडला जातो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण पल्ला हात-दोन हातांवर येतो. खोकं शोधा, अँटेना हाताने फिरवून घट्ट बसवा (पक्कड नको) आणि ती कॅबिनेटमागे लोंबकळत न ठेवता टेबलावर किंवा कॅबिनेटच्या डोक्यावर उभी करा. वायफायचा वेग वाढतो तो वेगळाच फायदा.

पीसीआय एक्सप्रेसचं वायफाय-ब्लूटूथ कार्ड बसवलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या कार्डाचं वायफाय खाचेतून चालतं, पण ब्लूटूथला मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी २ हेडरपर्यंत वेगळी केबल जोडावी लागते. ती जोडलेली नसेल तर विंडोजमध्ये ब्लूटूथ दिसतच नाही. सैल असेल तर मधूनच गायब होतं.

वायफायशी टक्कर

घरातलं २.४ गिगाहर्ट्झचं वायफायही याच पट्ट्यात असतं. ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनेलांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत चालतं आणि गजबजलेली चॅनेल टाळायला शिकतं. वायफाय मात्र एका जागी २० मेगाहर्ट्झ व्यापून बसतं, राउटर ४० वर ठेवला असेल तर अर्धा पट्टा अडवतं. फ्लॅट संस्कृतीत वरचे, खालचे, शेजारचे राउटर मिळून उड्या मारायला मोकळी जागाच फारशी उरत नाही.

खात्री करायची सोपी रीत: संगणकाचं वायफाय पाच मिनिटं बंद करा आणि आधीच डाउनलोड केलेलं गाणं वाजवा. तुटणं थांबलं तर टक्कर हीच. संगणकाला लॅन केबलने इंटरनेट द्या, ते सर्वांत भक्कम. ते जमत नसेल तर संगणक ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा. मधली चॅनेल घेऊ नका, ती दोन्ही शेजाऱ्यांवर चढतात. राउटर आणि डोंगल एकमेकांना खेटून ठेवले असतील तर दोन-तीन हात लांब करा. जेवण गरम करतानाच आवाज तुटत असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो एवढं लक्षात घ्या.

विंडोजमधल्या सेटिंग

तीनच बघा, बाकीच्यांत बोटं घालू नका.

आवाजाच्या त्याच जुन्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ टॅब आहे. तिथे ‘डू नथिंग’ निवडा. मुळात विंडोज कॉल ओळखला की बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं, त्यामुळे कॉल आला की गेमचा आवाज एकदम खोल जातो. पुष्कळ लोक याला हेडसेटचा बिघाड समजतात.

हेडसेटच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ आणि ‘स्पेशियल साउंड’ बंद करून बघा. आवाज पोकळ, गुहेतून आल्यासारखा वाटत असेल तर कारण बहुधा हेच. मदरबोर्डसोबत आलेले इक्वलायझरचे प्रोग्रॅमही थोडा वेळ बंद ठेवा; दोन ठिकाणी बास वाढवला की आवाज फाटतोच.

आणि डावा-उजवा बॅलन्स सारखा आहे ना, तेवढं.

जोडणी पुसून नव्याने करा, मग ड्रायव्हर

सेटिंग्जमधून हेडसेट ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा. हेडसेटवरही जुन्या जोडण्या पुसा. बटण किती सेकंद दाबायचं ते हेडसेटच्या माहितीपत्रकात असतं. संगणक रीस्टार्ट करून नव्याने पेअर करा. विंडोज अपडेटनंतर सुरू झालेली तक्रार यानेच पुष्कळदा मिटते.

एक चूक वारंवार दिसते. मदरबोर्डवर ब्लूटूथ असताना वरून डोंगल लावलेला असतो. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट चालवतं. दोन असले की हेडसेट कधी याला, कधी त्याला, नाहीतर कुणालाच जोडला जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ब्लूटूथ’ गटातला जुना अडॅप्टर, म्हणजे मदरबोर्डवरचा ब्लूटूथ रेडिओ, डिसेबल करा आणि हेडसेट नव्याने पेअर करा.

तिथेच चालू अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब असेल तर वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. गाणं थांबवून पुन्हा लावल्यावर पहिले काही सेकंद आवाज अडखळत असेल तर याने फरक पडू शकतो. डेस्कटॉपवर ती बचत तशीही नगण्य आहे.

ड्रायव्हर, म्हणजे उपकरण विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर, मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्रॅम टाळा. ते चुकीचा ड्रायव्हर टाकतात आणि मग मूळ दोष कोणता होता हेच कळेनासं होतं.

वायरवरही कडकड येते तेव्हा

मग एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला फार वेळ अडवून धरतो आणि आवाजाचा पुढचा तुकडा वेळेवर तयार होत नाही. लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्रॅम हे मोजतो. तो चालू ठेवून दहा मिनिटं गाणं वाजवा, मग ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये कोणाचा वेळ सर्वांत जास्त लागतोय ते बघा. वायफाय, लॅन किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नेहमी पुढे असतो. तो अपडेट करा. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच ऐकून बघा.

बायोसचं, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट हा शेवटचा उपाय. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड सुरू होणं बंद होऊ शकतं. यूपीएस नसेल तर स्वतः करू नका.

नवा अडॅप्टर घ्यायचा असेल तर

आधी सध्याच्या अडॅप्टरची आवृत्ती बघा. डिव्हाइस मॅनेजर, ब्लूटूथ, अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब. तिथे ‘एलएमपी’पुढे आकडा दिसेल. ६ म्हणजे ब्लूटूथ ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०, ११ म्हणजे ५.२, १२ म्हणजे ५.३. खोक्यावर ५.३ छापलेला स्वस्त डोंगल प्रत्यक्षात ६ दाखवत असेल तर तो परत करा.

मात्र साध्या ब्लूटूथमध्ये आवृत्ती वाढली म्हणून माइक उघडल्यावरचा बसका आवाज सुधारत नाही. पद्धती त्याच राहतात. एलडीएसी हा उंची कोडेक आहे म्हणून डेस्कटॉपसाठी महाग हेडसेट घेणंही व्यर्थ आहे, विंडोजमध्ये ते मुळातून चालत नाही. एसबीसी चालतं, ॲपटीएक्स विंडोज १० पासून आणि एएसी विंडोज ११ मध्ये.

माइक आणि चांगला आवाज दोन्ही बिनतारी हवे असतील तर एलई ऑडिओ ही नवी पद्धत आहे, एलसी३ कोडेकवर चालणारी. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून तिला जागा आहे. पण हेडसेट, संगणकाचा रेडिओ आणि त्याचा ड्रायव्हर या तिघांनीही ती पेलली पाहिजे. ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मधल्या ‘डिव्हायसेस’च्या पानावर ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ असं बटण दिसलं तर तुमचा संगणक तयार आहे. ते दिसत नसताना फक्त एलई ऑडिओचा हेडसेट विकत घेऊ नका. आज खात्रीचा मार्ग हवा असेल तर स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवर चालणारा हेडसेट घ्या. त्याला ए२डीपी-एचएफपीचं बंधन नसतं, माइक चालू असतानाही आवाज स्टिरिओ राहतो आणि दिरंगाईही कमी असते.

इथे थांबा, माणूस बोलवा

हेडसेटचा कप किंवा चार्जिंगची डबी फुगलेली दिसली, चार्ज करताना चटका बसेल इतकी गरम झाली किंवा गोडसर, उग्र वास आला, तर लगेच चार्जर काढा आणि वापर बंद करा. लिथियमची बॅटरी फुगली की ती टोचून, दाबून किंवा उघडून बघण्याची गोष्ट राहत नाही, ती पेट घेते. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

पाण्यात पडलेला हेडसेट ‘चालतोय का बघू’ म्हणून चार्जला लावू नका. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

बिजागरी हलवली की एका कानातला आवाज येतो-जातो, म्हणजे आतली बारीक तार तुटली आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका, उघडलेलं दिसलं की वॉरंटी नाकारली जाते. वॉरंटी संपली असेल तर चांगला मोबाइल दुरुस्तीवाला ती तार जोडू शकतो. मोठ्या हेडफोनला हा खर्च परवडतो. इअरबडला सहसा नाही, ते चिकटवून बंद केलेले असतात आणि उघडताना तुटतात.

दुसऱ्या संगणकावर हेडसेट ठीक, या संगणकावर दुसरा हेडसेटही खराब आणि दुसरा डोंगल लावूनही तेच, असं असेल तर मदरबोर्डचा यूएसबी भाग किंवा पॉवर सप्लाय तपासावा लागेल. तो मीटर आणि सुटे भाग हाताशी असलेल्या तंत्रज्ञाचा प्रांत. पॉवर सप्लायचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब शिल्लक असतो. तंत्रज्ञाला बोलावताना एका कागदावर लिहून ठेवा: लक्षण कोणतं, मोबाइलवर आणि वायरवर काय झालं, विंडोजची आवृत्ती कोणती, एलएमपीचा आकडा किती आणि यांतलं काय काय करून झालं.